‘आहे’ला प्रथमा, ‘नाही’ला षष्ठी : रशियन भाषेतील एक नियम

पुढील दोन वाक्ये पाहा.

माझ्याजवळ साखर आहे.
माझ्याजवळ साखर नाही.

या दोन वाक्यांत फरक कोठे आहे? फक्त शेवटच्या शब्दात. ‘आहे’च्या जागी ‘नाही’ आले, पण ‘साखर’ या शब्दाला काहीच झाले नाही. आता हीच दोन वाक्ये रशियन भाषेत ऐका.

उ मेन्या येस्त्य साखर.
उ मेन्या न्येत साखरा.

होय, रशियन भाषेतही साखरेला ‘साखर’च म्हणतात! संस्कृत ‘शर्करा’ हा शब्द ग्रीक भाषेच्या मार्गाने रशियात पोहोचला, आणि आपल्याकडे तो प्राकृतातून मराठीत आला. दोन वाटांनी गेलेला एकच प्रवासी असा पुन्हा भेटला. पण आपले लक्ष दुसऱ्या वाक्याकडे आहे. तेथे साखर नाहीशी झाली आणि तिच्या नावाला ‘आ’ जोडला गेला. ‘साखर’चे ‘साखरा’ झाले. नसलेल्या वस्तूचे रूप का बदलावे? या लहानशा ‘आ’चा शोध घेणे हाच आजच्या पाठाचा विषय आहे.

उच्चाराविषयी थोडेसे

रशियन लिपी निराळी आहे. येथे आपण सर्व शब्द देवनागरीत लिहू. ‘येस्त्य’मधील शेवटचा ‘त्य’ पूर्ण उच्चारायचा नाही. ‘त’ म्हणताना जीभ टाळूकडे नेली की जो मऊ ‘त’ निघतो तो हा. ‘साखर’मधला ‘ख’ घशातून घासत येतो. ज्या ‘ओ’वर आघात नसतो तो रशियन माणूस ‘अ’सारखा उच्चारतो, म्हणजे लिहायचे ‘वोदा’ (पाणी), पण म्हणायचे ‘वदा’. शब्द ओळखता यावेत म्हणून आपण लिहिण्याप्रमाणे ‘ओ’च ठेवू.

‘हॅव’ नसलेला संसार

इंग्रजीत मालकी सांगण्यासाठी ‘हॅव’ हे क्रियापद आहे. त्यात मालक हा कर्ता आणि वस्तू हे कर्म. मराठीत असे क्रियापद वापरून आपण बोलत नाही. आपण म्हणतो, ‘मला एक भाऊ आहे’, ‘माझ्याजवळ पैसे आहेत’, ‘त्याच्या अंगात ताकद आहे’. तिन्ही ठिकाणी क्रियापद ‘असणे’ हेच, आणि असते ती वस्तू. मालक बाजूला उभा असतो. कधी ‘ला’ लावून, कधी ‘जवळ’ लावून, कधी ‘च्या अंगात’ म्हणून.

रशियन भाषेचा संसारही असाच चालतो. तेथे ‘इमेत्य’ हे ‘हॅव’सारखे क्रियापद आहे, पण ते ‘महत्त्व असणे’, ‘हक्क असणे’ अशा भारदस्त प्रयोगांत जास्त आढळते. रोजच्या बोलण्यात वापरतात ते ‘उ मेन्या येस्त्य’. यातील ‘उ’ म्हणजे जवळ, पाशी. ‘मेन्या’ हे ‘मी’चे षष्ठीचे रूप. म्हणून ‘उ मेन्या’ म्हणजे शब्दशः ‘माझ्या-जवळ’. आपल्या ‘माझ्याजवळ’मध्येही ‘माझा’चेच सामान्यरूप ‘माझ्या’ आहे, हे लक्षात घ्या. दोन्ही भाषांनी एकच युक्ती केली आहे. आपण ‘जवळ’ मागे जोडतो, ते ‘उ’ पुढे ठेवतात, इतकेच.

‘येस्त्य’ हा तर आपल्या ओळखीचाच आहे. संस्कृतातील ‘अस्ति’ तो हाच. जुन्या रशियनमध्ये त्याच्या शेवटी एक ऱ्हस्व ‘इ’ होती. पुढे ती गळाली आणि जाताना ‘त’ला मऊ करून गेली.

सर्वनामांची षष्ठीची रूपे पाठ करून टाका :

उ मेन्या – माझ्याजवळ
उ तेब्या – तुझ्याजवळ
उ नेवो – त्याच्याजवळ
उ नेयो – तिच्याजवळ
उ नास – आमच्याजवळ
उ वास – तुमच्याजवळ
उ नीख – त्यांच्याजवळ

संस्कृत शिकणाऱ्यांना ‘नास’ आणि ‘वास’ पाहून ‘नः’ आणि ‘वः’ यांची आठवण होईल. ती योग्यच आहे. ही एकाच कुळातील रूपे आहेत.

मराठीपेक्षा रशियनची एक सोय मात्र अधिक आहे. आपण भावासाठी ‘मला’, पैशांसाठी ‘माझ्याजवळ’ असा भेद करतो. ‘माझ्याजवळ एक भाऊ आहे’ म्हटले तर लोक हसतील. रशियनमध्ये भाऊ असो, साखर असो, की पैसे असोत, सर्वांना ‘उ मेन्या’ चालते. ताप आला तरी ‘उ मेन्या तेम्पेरातूरा’ म्हणायचे!

षष्ठी ओळखायची कशी?

संस्कृतात आठ विभक्ती आपण शिकतो. रशियनमध्ये सहा आहेत. प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी आणि षष्ठी यांच्याशी जुळणाऱ्या पाच, आणि सहावी साधारण सप्तमीसारखी. स्वतंत्र पंचमी उरलेली नाही. तिचे बरेचसे काम षष्ठीकडे आले आहे. गंमत अशी की पुल्लिंगी नामांच्या षष्ठीत जो ‘आ’ दिसतो, तो मुळात जुन्या पंचमीचाच आहे. संस्कृतातील ‘रामात्’मधला ‘आत्’ झिजून त्याचा ‘आ’ उरला, असे समजा.

एकवचनातील मुख्य तीन प्रकार असे आहेत.

(१) व्यंजनान्त पुल्लिंगी नामाला ‘आ’ लागतो : ब्रात (भाऊ) – ब्राता, बिल्येत (तिकीट) – बिल्येता, दोम (घर) – दोमा, साखर – साखरा. शेवटी मऊ व्यंजन किंवा ‘य’ असेल तर ‘या’ होतो : कोन्य (घोडा) – कोन्या, चाय (चहा) – चाया.

(२) आकारान्त स्त्रीलिंगी नामाचा ‘आ’ जाऊन ‘ई’ येते : सेस्त्रा (बहीण) – सेस्त्री, वोदा (पाणी) – वोदी, क्नीगा (पुस्तक) – क्नीगी. यातील पहिल्या दोन शब्दांची ‘ई’ जीभ मागे ओढून म्हणायची असते.

(३) ओकारान्त नपुंसकलिंगी नामाचा ‘ओ’ जाऊन ‘आ’ येतो : मोलोको (दूध) – मोलोका, ओक्नो (खिडकी) – ओक्ना.

काही नामे वाकड्या वाटेने जातात. ‘व्रेम्या’ (वेळ) याचे षष्ठीचे रूप ‘व्रेमेनि’. पैशांसाठी ‘देन्गि’ हा शब्द नेहमी अनेकवचनी असतो. त्याची षष्ठी ‘देनेग’. ही दोन रूपे आताच पाठ करा, कारण वेळ आणि पैसा या दोन गोष्टी ‘नाही’ म्हणण्याचा प्रसंग कोणत्याही भाषेत वारंवार येतो!

‘ब्रात’ आणि ‘भ्राता’, ‘सेस्त्रा’ आणि ‘स्वसृ’, ‘दोम’ आणि ‘दंपती’मधला ‘दम्’ (घर) यांचे नाते तुमच्या ध्यानात आलेच असेल.

‘नाही’ म्हटले की काय होते?

आता नियम सांगता येईल. ‘येस्त्य’बरोबर वस्तू प्रथमेत राहते. ‘न्येत’बरोबर तीच वस्तू षष्ठीत जाते.

उ मेन्या येस्त्य ब्रात. (मला भाऊ आहे.)
उ मेन्या न्येत ब्राता. (मला भाऊ नाही.)
उ नेयो येस्त्य क्नीगा. (तिच्याजवळ पुस्तक आहे.)
उ नेयो न्येत क्नीगी. (तिच्याजवळ पुस्तक नाही.)

मालकाचे रूप दोन्हीकडे षष्ठीतच आहे, कारण तो ‘उ’च्या मागे आला आहे. बदल होतो तो वस्तूच्या रूपात. म्हणजे नकारार्थी वाक्यात मालकही षष्ठीत आणि वस्तूही षष्ठीत. या नियमाला ‘न्येत’पुरता अपवाद नाही.

‘न्येत’ची घडणही पाहण्यासारखी आहे. त्यात नकाराचा ‘न’ आणि ‘आहे’ हे क्रियापद एकमेकांत मिसळून गेले आहेत. आपल्या ‘नाही’तही हेच झाले आहे : ‘न’ आणि ‘आहे’. प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देतानाही रशियन माणूस ‘न्येत’च म्हणतो. शब्दांची घडण सारखी, वापरही पुष्कळसा सारखा. मग साखरेचे ‘साखरा’ तेवढे तिकडेच का झाले?

पण षष्ठीच का?

याचे उत्तर शोधायला आपल्याच स्वयंपाकघरात जाऊ या. डबा अगदी रिकामा असेल तर आई काय म्हणते? ‘घरात साखरेचा कणही नाही.’ दुष्काळाच्या बातमीत आपण वाचतो, ‘विहिरीत पाण्याचा थेंब नाही.’ येथे पाहा : ‘साखर’ची ‘साखरेचा’ झाली, ‘पाणी’चे ‘पाण्याचा’ झाले. मराठीतही षष्ठी आली! ती ‘कण’ आणि ‘थेंब’ यांच्यामुळे आली, कारण संपूर्ण वस्तूचा अंश सांगताना आपण षष्ठी वापरतो.

आता अशी कल्पना करा की, ‘कणही’ हा शब्द बोलता बोलता गळून गेला आणि ‘साखरेचा नाही’ एवढेच उरले. रशियन वाक्याची रचना नेमकी अशी दिसते. ‘न्येत साखरा’ म्हणजे ‘साखरेचा (काहीही अंश) नाही’. नकाराच्या षष्ठीचे मूळ या अंशवाचक षष्ठीत आहे, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. अंश दाखवणारी षष्ठी रशियनमध्ये आजही जिवंत आहे. ‘साखर दे’ म्हणताना थोडीशी साखर हवी असेल तर तेथेही ‘साखरा’ म्हणतात. खिसा रिकामा असेल तर रशियन माणूस म्हणतो, ‘न्येत नी कोपेइकी’, एक कोपेकही नाही. कोपेक म्हणजे रुबलचा शंभरावा भाग. आपण अशा वेळी ‘दमडीही नाही’ म्हणतो.

ही चाल एकट्या रशियनची नाही. पोलिश भाषेत ‘नाही’बरोबर षष्ठी येते, लिथुआनियनमध्येही येते. फिनिश भाषा तर निराळ्या कुळातील, पण तिच्यात ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’ हे ‘मिनुल्ला ओन किर्या’ असे होते, आणि ‘नाही’ म्हटले की ‘मिनुल्ला एइ ओले किर्याआ’. तेथे ‘किर्या’ (पुस्तक) अंशवाचक विभक्तीत जाते.

मॉस्कोत १८९६ साली जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९३६ साली रशियन विभक्तींवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांच्या विवेचनाचा सारांश असा : प्रथमा वस्तूला वाक्यात पुरती उभी करते, षष्ठी सांगते की, वस्तूचा वाक्यातील सहभाग मर्यादित आहे. तो सहभाग कधी अंशापुरता असतो, आणि ‘न्येत’च्या वाक्यात तर तो शून्यावर येतो.

काळ बदलला तर?

वस्तूचा सहभाग संपला याचा पुरावा भूतकाळात मिळतो. यासाठी एका खऱ्या प्रवाशाची मदत घेऊ. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातील त्व्येर शहराचा अफनासी निकितिन हा व्यापारी समुद्रमार्गे आपल्या चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. विकण्यासाठी त्याने एक घोडा बरोबर आणला होता. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला. पुढे तो त्याला परत मिळाला. ही हकीकत त्याने आपल्या प्रवासाच्या टिपणांत लिहून ठेवली आहे. आता आपली वाक्ये करू.

उ निकितिना बील कोन्य. (निकितिनजवळ घोडा होता.)
उ निकितिना न्ये बीलो कोन्या. (निकितिनजवळ घोडा नव्हता.)

पहिल्या वाक्यात ‘बील’ हे पुल्लिंगी रूप आहे, कारण घोडा पुल्लिंगी. तेथे पुस्तक असते तर ‘बीला क्नीगा’ झाले असते, दूध असते तर ‘बीलो मोलोको’. क्रियापद वस्तूच्या लिंगाप्रमाणे चालते. दुसऱ्या वाक्यात मात्र ‘बीलो’ हे नपुंसकलिंगी रूप आले, आणि घोडा, पुस्तक, दूध, पैसे काहीही नसले तरी ते ‘बीलो’च राहते. षष्ठीत गेलेल्या नामाचा क्रियापदावर अधिकार उरत नाही. भविष्यकाळातही नकार असेल तेव्हा नेहमी ‘न्ये बूदेत’ : उ मेन्या न्ये बूदेत व्रेमेनि, मला वेळ नसेल.

मराठीशी ताडून पाहा. आपण ‘घोडा नव्हता’, ‘वही नव्हती’, ‘पुस्तक नव्हते’, ‘पैसे नव्हते’ असे म्हणतो. म्हणजे मराठीत वस्तू हजर नसली तरी क्रियापद तिचेच ऐकते! रशियनमध्ये वस्तू गेली की तिची सत्ताही गेली.

प्रत्येक ‘नाही’ हा ‘न्येत’ नव्हे

येथे मराठी विद्यार्थ्याने विशेष सावध राहावे. आपला ‘नाही’ दोन निरनिराळी कामे करतो.

हे पुस्तक नाही. (ही वही आहे.)
येथे पुस्तक नाही. (टेबल रिकामे आहे.)

पहिल्या वाक्यात समोर वस्तू आहे. फक्त ती पुस्तक आहे हे आपण नाकारतो. दुसऱ्यात पुस्तकाचे असणेच नाकारतो. रशियन भाषा या दोन नकारांची गल्लत होऊ देत नाही.

एतो न्ये क्नीगा. (हे पुस्तक नाही.)
ज्द्येस न्येत क्नीगी. (येथे पुस्तक नाही.)

ओळख नाकारायची तेथे ‘न्ये’ आणि प्रथमा. अस्तित्व नाकारायचे तेथे ‘न्येत’ आणि षष्ठी.

‘येस्त्य’चेही असेच आहे. ‘उ नेयो गोलुबीये ग्लाझा’ म्हणजे ‘तिचे डोळे निळे आहेत’. येथे ‘येस्त्य’ नाही, कारण तिला डोळे आहेत ही काही बातमी नव्हे. बातमी आहे ती रंगाची. ‘तिचे डोळे निळे नाहीत’ हे सांगताना म्हणूनच ‘न्येत’ येत नाही : ‘उ नेयो न्ये गोलुबीये ग्लाझा’. चुकून ‘न्येत’ आणि षष्ठी वापरली तर तिला निळे डोळेच नाहीत, जणू निळे डोळे ही एखादी बाळगण्याची वस्तू आहे, असा विचित्र सूर निघेल.

एका अक्षराने अर्थ बदलतो

विभक्तीचा हा फरक परीक्षेतील गुणांपुरता नाही. ही दोन वाक्ये पाहा.

दोक्तोर न्ये बील व देरेव्ने.
दोक्तोरा न्ये बीलो व देरेव्ने.

‘देरेव्न्या’ म्हणजे खेडे. पहिल्या वाक्यात डॉक्टर प्रथमेत आहे. त्याच्याविषयी काही सांगितले जात आहे : तो त्या खेड्यात गेलेला नाही. दुसऱ्या वाक्यात डॉक्टर षष्ठीत आहे. आता सांगितले जात आहे ते खेड्याविषयी : तेथे डॉक्टर नव्हता. रात्री कोणी आजारी पडले असेल, तर त्या घरच्या माणसांना पहिल्या वाक्याशी काय कर्तव्य? त्यांच्या दृष्टीने सारा प्रश्न दुसऱ्या वाक्यात आहे.

पत्राच्या उत्तराचेही तसेच.

ओत्व्येत न्ये प्रिश्योल. (ते उत्तर आले नाही.)
ओत्व्येता न्ये प्रिश्लो. (उत्तरच आले नाही.)

पहिल्या वाक्यात एक ठरावीक उत्तर मनात आहे. ते बहुधा वाटेत कोठेतरी असेल. दुसऱ्यात उत्तर म्हणून काही आलेच नाही. मराठीत हा भेद दाखवण्यासाठी आपल्याला ‘ते’ किंवा ‘च’ यांची मदत घ्यावी लागली. रशियन भाषेने तो विभक्तीवर सोपवला आहे. ‘मी पुस्तक वाचले नाही’ अशा कर्म असलेल्या वाक्यांत मात्र द्वितीया आणि षष्ठी दोन्ही आढळतात, आणि आजच्या बोलण्यात द्वितीया वाढत चालली आहे.

लक्षात ठेवा

१. मालक : ‘उ’ आणि षष्ठी.
२. वस्तू आहे : ‘येस्त्य’ आणि प्रथमा.
३. वस्तू नाही : ‘न्येत’ आणि षष्ठी.
४. वस्तू नव्हती : नेहमी ‘न्ये बीलो’ आणि षष्ठी. वस्तू नसेल : ‘न्ये बूदेत’ आणि षष्ठी.
५. ‘हे अमुक नाही’ : ‘न्ये’ आणि प्रथमा.

स्वाध्याय

रशियनमध्ये सांगा :
(१) इवानजवळ तिकीट आहे.
(२) इवानजवळ तिकीट नाही.
(३) मला बहीण नाही.
(४) आमच्याजवळ चहा नव्हता.
(५) हे दूध नाही.
(६) त्यांच्याजवळ दूध नाही.

मराठीत सांगा :
(७) उ वास न्येत व्रेमेनि.
(८) उ नेवो बीला सेस्त्रा.

विचार करा : ‘माझ्याजवळ पैसे नाहीत’ या मराठी वाक्यात ‘नाहीत’ हे अनेकवचन कोणामुळे आले? रशियन ‘न्येत’ला अनेकवचन का नसावे?

उत्तरे

(१) उ इवाना येस्त्य बिल्येत. (२) उ इवाना न्येत बिल्येता. (३) उ मेन्या न्येत सेस्त्री. (४) उ नास न्ये बीलो चाया. (५) एतो न्ये मोलोको. (६) उ नीख न्येत मोलोका. (७) तुम्हाला वेळ नाही. (८) त्याला बहीण होती.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर : मराठीत ‘पैसे’ प्रथमेत आहेत, म्हणून ‘नाही’ त्यांच्या वचनाप्रमाणे ‘नाहीत’ होते. रशियनमध्ये ‘देनेग’ षष्ठीत गेले. त्या वाक्यात प्रथमेत कोणीच उरले नाही, मग ‘न्येत’ने कोणाचे ऐकायचे?